इंगल, हार्थ आणि विस्तवापुढची माणसं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर इंग्रजी शिकवायचे आणि शिकवताना टेबलावर शब्दकोश उघडा असायचा. कवितेतला एखादा शब्द अडला की धडा तिथेच थांबे आणि त्या शब्दाचं मूळ, कूळ, गाव सापडल्याशिवाय पुढे सरकत नसे. म्हणून आज मी एका शब्दावरच बोलणार आहे. शब्द जुना आहे, आणि खुद्द इंग्लंडमधल्या माणसालाही तो सुटा भेटला तर क्षणभर विचार करावा लागेल. शब्द आहे 'इंगल'. अर्थ, घरातली आग किंवा ती आग जिथे पेटते ती जागा.

हा शब्द मुळात स्कॉटलंडचा आणि त्याला लागून असलेल्या उत्तर इंग्लंडचा. स्कॉट्स लिखाणात तो सोळाव्या शतकापासून भेटतो. कोशकार त्याचं मूळ बहुधा स्कॉटिश गेलिक भाषेतल्या, आग किंवा उजेड असा अर्थ असलेल्या एका शब्दाकडे नेतात. रॉबर्ट बर्न्सच्या, दिवसभर राबून शनिवारी संध्याकाळी घरी परतणाऱ्या शेतमजुरावरच्या कवितेत हा शब्द आहे. ती १७८६ साली छापली गेली आणि तिच्यामुळे 'इंगल' स्कॉटलंडबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचला. बर्न्सच्या भाषेत या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. आगीजवळची बाजू ती 'इंगलसाइड', चुलाण्याच्या कडेची उभी भिंत तो 'इंगलचीक', आणि आगीशेजारचा कोपरा तो 'इंगलनूक'. यातला शेवटचा शब्द इंग्रजीत टिकला. आजही इंग्लंडमध्ये जुनं घर विकायला काढलं की जाहिरातीत 'इंगलनूक फायरप्लेस' असं हमखास लिहिलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांमुळे गिऱ्हाईक घर बघायला येतं.

मराठी कानाला 'इंगल' ऐकताच 'इंगळ' आठवतो. इंगळ म्हणजे धगधगता निखारा. रागाने लाल झालेल्या डोळ्यांना आपण इंगळाची उपमा देतो. आपला इंगळ संस्कृत 'अंगार'पासून प्राकृतातल्या 'इंगाल'मार्गे आला. अंगाराची सख्खी भावंडं युरोपात आहेत: कोळशासाठीचा लिथुआनियन शब्द 'आंगलिस' आणि रशियन 'उगल्य' ही त्याच घराण्यातली. पण स्कॉटलंडचा इंगल याच घराण्यातला आहे असं म्हणण्याइतका पुरावा भाषाशास्त्राकडे नाही, आणि दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावरून नातं जोडायचं नसतं. सरांनी ते मुळीच चालवून घेतलं नसतं. मात्र अर्थाचा मेळ खरा आहे. 'इंगल'चा पहिला अर्थ जळणारी आग हाच, जागा हा अर्थ त्यामागून आला. बर्न्सचं मराठी करताना त्या ठिकाणी कुणी 'इंगळ' लिहिलं तर ते चूक ठरणार नाही.

इंग्रजीचा याहून प्रचलित शब्द म्हणजे 'हार्थ'. घरातल्या आगीसाठी बांधलेली किंवा दगड मांडून केलेली जमीन, हा त्याचा मूळ अर्थ. अँग्लो-सॅक्सन काळापासून तो जवळपास आहे तसाच आहे. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'हेर्ट', आणि आज जर्मन गृहिणी गॅसच्या किंवा विजेच्या शेगडीलाही 'हेर्ट' म्हणते. इंग्रजी 'हार्थ'ने मात्र स्वयंपाकघर सोडलं आणि तो दिवाणखान्यात जाऊन बसला. त्याच्या आत 'हार्ट', म्हणजे हृदय, ही अक्षरं दिसतात म्हणून भावनाप्रधान लेखक त्या दोघांचं नातं लावतात. मुळं वेगळी आहेत.

लॅटिनमध्ये चुलीच्या जागेला 'फोकस' म्हणत. रोमन घरातलं सगळं फोकसभोवती चाले, गृहदेवतांचं पूजनही. पुढे १६०४ साली योहानेस केप्लरने प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात, शंकुच्छेदांमधल्या विशिष्ट बिंदूंना 'फोकस' हे नाव दिलं, बहुधा भिंगातून आलेले किरण जिथे एकवटतात तिथे धरलेली वस्तू पेट घेते म्हणून. आपल्या शाळेच्या विज्ञानात त्याला 'नाभी' म्हणतात. चुलीची जागा पृथ्वीवर फिरत फिरत अखेर माणसाच्या पोटावर आली म्हणायची! त्याच लॅटिन शब्दातून फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांनी आगीसाठीचा आपला नेहमीचा शब्द घेतला. फ्रेंचमध्ये तो 'फ्य' झाला, आणि आपल्याकडे दंगलीच्या दिवसांत आबालवृद्धांच्या तोंडी बसलेला 'कर्फ्यू' त्यातूनच आला. मूळ जुना फ्रेंच अर्थ 'आग झाका'. मध्ययुगात संध्याकाळी घंटा वाजायची आणि घरोघरी चुलीवर राख ओढायची किंवा पत्र्याचं झाकण ठेवायचं, नाहीतर लाकडी घरांचं गाव रातोरात जळे. त्या झाकणालाही 'कर्फ्यू'च म्हणत, आणि अशी झाकणं संग्रहालयांत आजही पाहायला मिळतात.

इतकी वर्षं हे शब्द वाचता वाचता माझं एक मत झालं आहे, ते आधीच सांगून टाकतो. इंगल, हार्थ, फायरसाइड या शब्दांना आज इंग्रजीत जी ऊब आहे, ती आगीजवळ बसलेल्या माणसांनी दिलेली आहे. त्या आगीपुढे वाकलेल्या माणसांचं म्हणणं शब्दकोशात नाही. ते करवसुलीच्या याद्यांत, न्यायालयांच्या निकालांत आणि एका मोलकरणीच्या रोजनिशीत आहे. शब्दाचा अर्थ पुरा समजायचा तर ही दप्तरंही उघडावी लागतात.

आधी आग घरात कुठे होती ते पाहू. मध्ययुगीन इंग्रजी घराचा मुख्य भाग म्हणजे उंच छपराचा एक मोठा हॉल, आणि आग त्याच्या मधोमध, जमिनीवर. केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट प्लेस या वाड्याचा १३४१ साली बांधलेला हॉल आजही उभा आहे आणि त्याच्या मध्यभागी अष्टकोनी चुलाणं जसंच्या तसं दिसतं. धूर वर चढायचा, तुळया काळ्या करायचा आणि छपरातल्या झरोक्यातून सावकाश बाहेर पडायचा. अशा घरात आगीला पाठ किंवा बाजू नसते. मालक, चाकर, कुत्री, पाहुणे, सगळे एकाच आगीच्या चहूबाजूंना. धूरही सगळ्यांच्या वाट्याला सारखा.

मग भिंतीत धुराडं आलं. किल्ल्यांत आणि मठांत ते आधीपासून होतं, सामान्य घरांत यायला सोळावं शतक उजाडलं. विल्यम हॅरिसन नावाच्या धर्मोपदेशकाने १५७७ साली इंग्लंडचं वर्णन लिहिलं, त्यात तो म्हणतो की त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत तीन गोष्टी अजब बदललेल्या दिसतात: धुराड्यांची संख्या, अंथरूण-उश्यांची चैन आणि लाकडी ताटल्यांच्या जागी आलेली धातूची भांडी. आणि तो तक्रारही करतो, की धुराडी आल्यापासून लोक पडशाने कुरकुरू लागले, धुराने माणसं टणक राहत होती. चारशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचली की आपल्या आजोबांचा आवाज ऐकू येतो.

इंगलनूक हे या स्थित्यंतराचं बाळ. धुराड्याचं तोंड इतकं रुंद बांधत की आत, आगीच्या दोन्ही बाजूंना, बसायला बाक मावत. वर आडवी जाड ओकची तुळई. बाजूच्या भिंतीत मीठ कोरडं राहावं म्हणून एक छोटा कोनाडा, पाव भाजायची भट्टी, वर धुरात टांगलेलं डुकराचं खारवलेलं मांस. हंडा लटकवायला लोखंडी दांडा, तो दारासारखा आत-बाहेर फिरायचा. त्या कोनाड्यात म्हातारी माणसं बसायची, कारण तिथे वारा लागत नसे. ही जागा म्हणजे घराच्या आतली एक छोटी खोली, आणि स्वयंपाकही तिथेच. तेव्हा इंगलनूक या शब्दाच्या आरंभीच्या काळात चूल आणि बैठक वेगळी झालेली नव्हती.

स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर तर मधोमधची आग विसाव्या शतकापर्यंत राहिली. लुइस बेटावरच्या आर्नोल गावात असं एक 'ब्लॅकहाउस' सरकारने जपलं आहे. त्यात १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत माणसं राहत होती. जाड दगडी भिंती, गवताचं छप्पर, धुराडं नाही, गुरं आणि माणसं एकाच छताखाली. जळण म्हणजे पीट, दलदलीतली कुजलेली वनस्पती विटांसारखी कापून वाळवलेली. धूर गवतातून झिरपत बाहेर जायचा. काजळीने काळं झालेलं ते गवत उतरवून शेतात खत म्हणून घालत. या बेटांवर आग रात्री विझू द्यायची नाही, असा दंडक होता. घरातली बाई निजण्यापूर्वी निखारे तीन भागांत करून वर राख ओढायची आणि त्या वेळी त्रिमूर्ती परमेश्वराची प्रार्थना म्हणायची. अलेक्झांडर कारमायकल यांनी गावोगाव हिंडून अशा प्रार्थना टिपून घेतल्या आणि १९०० साली छापल्या. निखारा राखेत पुरून सकाळी फुंकून फुलवायचा, हे आपल्या कोकणातल्या, घाटावरच्या आज्यांनाही नवं नव्हतं.

आता करवसुलीकडे येतो. इथे मला जरा थांबायचं आहे.

१६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला तेव्हा खजिन्यात खडखडाट होता. १६६२ साली पार्लमेंटने नवा कर बसवला: घरातल्या प्रत्येक हार्थमागे वर्षाला दोन शिलिंग. एक शिलिंग मार्चच्या लेडी डेला, एक सप्टेंबरच्या मायकलमसला. युक्तिवाद साधा होता. माणूस जितका श्रीमंत तितक्या त्याच्या घरात आगीच्या जागा जास्त, आणि धुराडी रस्त्यावरूनही मोजता येतात. अगदी गरिबांना सूट होती, पण सूट मिळवायला गावच्या धर्मोपदेशकाचा आणि पंचांचा दाखला लागायचा. दोन वर्षांत नियम कडक झाले आणि दोनापेक्षा जास्त हार्थ असले की सूट बंद झाली.

लोकांना राग पैशाचा होताच, त्याहून मोठा राग घरात शिरणाऱ्या माणसाचा होता. वसुलीला येणाऱ्याला लोक 'चिमनीमॅन' म्हणत. त्याला घरात शिरून आतल्या खोलीतली चुलाणी मोजायचा अधिकार होता. बाळंतिणीची खोली असो की आजाऱ्याची, तो आत डोकावणार. लोकांनी चुलाणी विटांनी बुजवली, आणि यादीत तशा नोंदी आहेत. ऑक्सफर्डशरमधल्या चर्चिल गावाची एक गोष्ट आजही सांगतात. १६८४ साली एका पाववालीने कर वाचवण्यासाठी आपलं धुराडं बांधण्याऐवजी भट्टीचा धूर भिंत फोडून शेजारच्या धुराड्यात सोडला. त्यातून लागलेल्या आगीत गावातली वीस घरं आणि चार माणसं गेली. अखेर १६८९ साली विल्यम आणि मेरी गादीवर येताच हा कर रद्द झाला, आणि रद्द करणाऱ्या कायद्यातच लिहिलं गेलं की हा कर म्हणजे प्रजेवर गुलामगिरीचा शिक्का होता, कारण त्यामुळे कुणाही अनोळखी माणसाला प्रत्येकाच्या घरात शिरून झडती घेता येत होती.

या कराच्या याद्या उरल्या, आणि इतिहासकारांसाठी त्या सोन्याची खाण ठरल्या. लंडनच्या पुडिंग लेनमधला पाववाला थॉमस फॅरिनर त्यांत सापडतो: हार्थ पाच, भट्टी एक. १६६६ च्या सप्टेंबरात लंडन जाळणारी आग याच घरातून निघाली. यादीतली ही एक ओळ वाचताना त्या घरातल्या खोल्या दिसू लागतात, माणसं किती असतील याचा अंदाज येतो, आणि आग लागण्यापूर्वीच्या एका साध्या संसाराची मोजणी हाती येते.

एव्हाना जळण बदलत चाललं होतं. लाकूड महागलं होतं आणि न्यूकॅसलचा कोळसा जहाजांनी लंडनला येत होता. कोळशाला रुंद चुलाणं चालत नाही. त्याला अरुंद जाळी आणि जोराची ओढ लागते. इंगलनूक बुजत गेले, त्यांच्या तोंडात छोट्या शेगड्या बसल्या. १७९६ साली काउंट रम्फर्डने, म्हणजे मूळच्या अमेरिकन बेंजामिन थॉम्पसनने, चुलाणं कमी खोल करा, बाजू तिरप्या करा, धुराड्याचा घसा आवळा, असं शास्त्रीय कारणांसह सांगितलं आणि लोकांनी घरोघरी गवंडी बोलावून ते करून घेतलं. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'ची नायिका जुन्या मठाच्या घरात भव्य कोरीव चुलाणं पाहायला मिळेल म्हणून जाते, आणि तिथे रम्फर्ड शेगडी बघून हिरमुसते. इतकं करूनही उघड्या आगीतली बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशातच जात होती.

अरुंद धुराड्यात काजळी साचते आणि पेट घेते. ती खरवडायला मूल लागतं. काही धुराडी आतून नऊ इंच रुंद आणि नऊ इंच लांब होती. पाच-सहा वर्षांचं पोर त्यात कोपर आणि गुडघे भिंतींना रेटत, डोक्यावर ब्रश धरून, सुरवंटासारखं वर चढत असे. कातडी सोलून निघायची. ती निबर व्हावी म्हणून मालक लोक जळत्या विस्तवाजवळ उभं करून मिठाच्या कडक पाण्याने कोपर-गुडघे चोळत, ही साक्ष चौकशी समितीपुढे खुद्द या धंद्यातल्या माणसांनी दिलेली आहे. पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ साली दाखवून दिलं की धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाला होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही वैद्यकातली पहिली नोंद मानली जाते.

कायदे झाले नाहीत असं नाही. १७८८ साली आठ वर्षांखालील मुलाला घेऊ नये असं ठरलं. १८४० साली एकवीस वर्षांखालील कुणीही धुराड्यात चढू नये असं ठरलं. लांब काठ्या जोडून धुराडं साफ करणारं यंत्र १८०३ पासून उपलब्ध होतं. तरी मोठ्या घरांच्या मालकिणींना भीती वाटायची की यंत्राने गालिच्यावर काजळी सांडेल, आणि वळणावळणाच्या धुराड्याला मूलच बरं पडतं. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळच्या फुलबर्न इथल्या मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलं, पण तो वाचला नाही. मालकाला सहा महिने सक्तमजुरी झाली, लॉर्ड शाफ्ट्सबरीने ते प्रकरण पार्लमेंटपुढे आणलं आणि त्याच वर्षी परवान्याचा कायदा होऊन ही प्रथा खरोखर संपली. म्हणजे पहिल्या कायद्यापासून सत्त्याऐंशी वर्षं लागली. या सगळ्या वर्षांत इंग्रजी कवितेत हार्थवर भरभरून लिहिलं जात होतं. ब्लेकसारखा एखादाच कवी धुराड्यातल्या पोराकडे वळला.

पोरं गेली तरी बाया होत्याच. हॅना कलिक ही श्रॉपशरमध्ये १८३३ साली जन्मलेली मोलकरीण. तिने वर्षानुवर्षं रोजनिशी लिहिली. पुढे ज्याच्याशी तिने गुपचूप लग्न केलं, त्या आर्थर मनबीच्या आग्रहावरून लिहिली, आणि त्याच्या कागदपत्रांसोबत ती केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात राहिली. १४ जुलै १८६० ची नोंद मी अनेकदा वाचली आहे. दिवस सुरू होतो तो खिडक्यांची दारं उघडून आणि स्वयंपाकघरातली आग पेटवून. मग काजळीने भरलेले कपडे झटकणं, खोल्या झाडणं, हार्थ मांडणं, न्याहारी, बूट, बिछाने, गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासणं. आणखी नोंदींत शेगडीची जाळी ब्लॅकलेडने, म्हणजे ग्रॅफाइटच्या काळ्या लेपाने, चमकवणं येतं, आणि एके ठिकाणी तर ती स्वतःच धुराड्यात शिरून काजळी काढते. सकाळी घरचे लोक खाली येतात तेव्हा खोली उबदार असते. ती कशी झाली हे त्यांना बघायचं नसतं, म्हणून मोलकरणीने ते सगळं त्यांच्या आधी उरकून दिसेनासं व्हायचं, असा रिवाज होता. हॅनाच्या लेखणीत 'हार्थ' हे रोज करायच्या कामाचं नाव आहे. वाक्यात तो शब्द नेहमी क्रियापदाच्या ताब्यात असतो: झाडला, घासला, मांडला, पेटवला.

त्याच वर्षांत डिकन्सच्या 'द क्रिकेट ऑन द हार्थ'ची, १८४५ च्या नाताळातल्या पुस्तकाची, पारायणं चालली होती. चुलाण्याच्या फटीत राहणारा रातकिडा घराचा रक्षक, ही कल्पना लोकांनी डोक्यावर घेतली. डिकन्सला मी बसणाऱ्यांच्या पंगतीत मात्र टाकणार नाही. दोन वर्षं आधीच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये स्क्रूज कोळशाची पेटी आपल्या खोलीत ठेवतो आणि कारकुनाच्या शेगडीत जणू एकच खडा जळतो. आग कोणाच्या हातात आहे हे डिकन्सला पक्कं ठाऊक होतं.

शतकाच्या शेवटी इंगलनूक परत आला, या वेळी हौस म्हणून. नॉर्दम्बरलंडमध्ये लॉर्ड आर्मस्ट्राँगचं क्रॅगसाइड हे घर नॉर्मन शॉने बांधलं. तोफा आणि जहाजं बनवणाऱ्या या माणसाचं घर पाण्यावर तयार केलेल्या विजेने उजळलेलं जगातलं पहिलं घर समजलं जातं. आणि त्याच्या जेवणघरात एक प्रशस्त इंगलनूक आहे, बाजूला विल्यम मॉरिसच्या कारखान्यातल्या रंगीत काचा, वर स्कॉट्स बोलीत कोरलेली घराच्या सुखाची म्हण. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटनेही १८८९ साली स्वतःसाठी बांधलेल्या घरात इंगलनूक ठेवला. इंजिनियरीने जग बदलणाऱ्यांनाच तो जुना कोपरा का हवासा वाटावा, हे समजण्यासारखं आहे. आग आता गरजेची राहिली नव्हती, म्हणून तिच्याजवळ नुसतं बसता येत होतं. पुढे १९३३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बँकांच्या संकटाबद्दल बोलले, आणि अशा भाषणांना 'फायरसाइड चॅट' हे नाव पडलं. लोक आगीभोवती नव्हे, रेडिओभोवती बसले होते. शब्द तेवढा आगीपासून घेतला होता.

आता लेखक जॉर्ज ऑर्वेल. ८ डिसेंबर १९४५ च्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये त्याने उघड्या कोळशाच्या आगीची बाजू घेणारा लेख लिहिला. युद्धानंतर नवी घरं बांधायची होती आणि त्यांत गॅस, वीज की धुराडं, असा वाद होता. ऑर्वेल प्रामाणिक माणूस. आग महाग पडते, घाण करते, विनाकारण काम वाढवते, हे त्याने सरळ कबूल केलं. तरी घरातल्या एका खोलीत ती असावीच, असं त्याचं म्हणणं, कारण ती खोलीची एकच बाजू तापवते आणि त्यामुळे घरातल्यांना एकत्र यावंच लागतं. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो. एकाच दिव्याखाली अभ्यास करणारी भावंडं ज्यांनी पाहिली, त्यांना तो पटेलच. पण 'काम वाढवते' हे ऑर्वेल अर्ध्या वाक्यात सांगून पुढे जातो, आणि ते काम कोणाचं यावर थांबत नाही, हे मला खटकतं.

त्यानंतर बरोबर सात वर्षांनी, ५ ते ९ डिसेंबर १९५२, लंडनवर साचलेल्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं आणि लाखो घरांच्या शेगड्यांचा व वीजकेंद्रांचा धूर खालीच कोंडला. दिवसा रस्ता दिसेना. सुरुवातीचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. बहुतेक मृत म्हातारे आणि छातीच्या विकाराचे रोगी होते. सरकार कायदा करायला कचरत होतं, याचं एक कारण इंग्रज माणसाच्या शेगडीला हात लावायची भीती हेही होतं. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला, धूरबंदीचे भाग ठरले, आणि वीस वर्षांत शेगड्या बंद पडल्या. तीनशे वर्षांपूर्वी, १६६१ साली, जॉन इव्हलिनने लंडनच्या धुरावर पुस्तिका लिहिली होती. तिच्यात त्याने घरगुती चुलींना दोष न देता दारूच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांवर बोट ठेवलं होतं. घरच्या आगीवर आरोप करायला इंग्रज माणसाचं मन तेव्हाही धजत नव्हतं. आता इंग्लंडमध्ये घरगुती वापराचा जुना दगडी कोळसा विकायलाच २०२३ च्या मे महिन्यापासून बंदी आहे.

शेवटी भाषांतराबद्दल थोडं, कारण समोर भाषांतर करणारे पुष्कळ जण बसलेले दिसतात. महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांतली चुलाणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना फायरप्लेस डोळ्यांसमोर येते, बाकीच्यांना ती पुस्तकातूनच माहीत. 'हार्थ' आला की काही जण सरसकट 'चूल' लिहितात, काही 'शेकोटी', आणि एखादा 'अग्निकुंड'. शेकोटी अंगणात किंवा शेतात पेटते, घरात नाही. अग्निकुंड यज्ञाचं. 'चूल' आपल्याकडे कुटुंबाचं माप आहे. भावाभावांची चूल वेगळी होते, आमंत्रण चूलबंद असतं, आणि जनगणनेतही कुटुंब ठरतं ते एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांवरून. त्यामुळे शब्द भारी आहे, पण प्रत्येक ठिकाणी चालणार नाही. क्रॅगसाइडच्या जेवणघरात मी 'चूल' लिहिणार नाही, कारण तिथे भाकरी भाजत नव्हती. हॅनाच्या रोजनिशीतही दिवाणखान्याच्या शेगडीला 'शेगडी'च म्हणेन आणि स्वयंपाकघरात आल्यावर 'चूल'. करवसुलीच्या याद्यांत मात्र माझी अडचण उरत नाही. त्यांत गरिबांच्या नोंदी आहेत, विधवांच्या पुष्कळ आहेत, नावापुढे एक हार्थ आणि शेरा, कर माफ. ज्या घरात हार्थ एकच, तिथे त्याच आगीवर जेवण शिजत होतं आणि तिच्याच उबेत माणसं झोपत होती. फॅरिनरच्या घरच्या पाचांना मी वेगवेगळे शब्द शोधीन. त्या विधवेच्या नावापुढे 'चूल एक' असंच लिहीन.